रंग लागण्यापूर्वीचे केस

केसांना रंग लावण्याचे काम सलूनच्या खुर्चीत दोन-तीन तासांत आटोपते. परंतु तो रंग कसा चढेल, किती टिकेल आणि टाळूला, म्हणजे डोक्याच्या त्वचेला, सोसेल की नाही, यांतील बराचसा भाग त्या खुर्चीत बसण्यापूर्वीच्या दिवसांत, काही बाबतींत तर आधीच्या वर्षांत, ठरून गेलेला असतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ६० सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे शेंडे चार-पाच वर्षांचे असतात आणि त्या काळात ज्या पाण्याने ते धुतले गेले, जी मेंदी त्यांना लागली, ज्या उन्हात ते वाळले, त्या साऱ्याची खूण त्यांच्यावर उरलेली असते. मुळाजवळचा केस मात्र गेल्याच महिन्यात उगवलेला, कोवळा आणि सपाट पृष्ठभागाचा असतो. एकाच डोक्यावर अशा निरनिराळ्या वयांचे केस असताना त्या सर्वांवर एकाच बैठकीत एकसारखा रंग चढावा, अशी अपेक्षा धरली जाते. ती पुरी व्हायची असेल, तर त्या केसांचा इतिहास आधी नीट समजून घ्यावा लागतो, आणि पूर्वतयारी म्हणतात ती मुख्यतः हीच.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील शिरगाव हे सोमाटणे फाट्याजवळचे गाव साईबाबांच्या मंदिरामुळे 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखले जाते. एका अंगाला तळेगाव दाभाडे आणि दुसऱ्या अंगाला गहुंजे, रावेत व पुढे पिंपरी-चिंचवड, अशा झपाट्याने वाढणाऱ्या वस्त्यांच्या मध्ये हे गाव येते; त्यामुळे पूर्वी घरीच पुडीतला कलप कालवणाऱ्या कुटुंबांना आज दोन्ही दिशांची सलून आणि पार्लर हाताशी आली आहेत. जगातल्या मोठ्या केशरंग-उत्पादकांपैकी एक असलेल्या लॉरियाल कंपनीचा भारतातील कारखानाही तळेगावहून फार दूर नसलेल्या चाकणला आहे. तथापि, सलूनच्या भिंतीवरचे रंगतक्ते आणि त्यांसोबत येणाऱ्या सूचना पाश्चात्त्य वळणाच्या असतात; मऊ भुऱ्या केसांचा विचार करून त्या लिहिलेल्या असतात. खोबरेल तेलावर वाढलेल्या, मेंदी लागलेल्या आणि बोअरच्या पाण्याने धुतलेल्या काळ्याभोर केसांची तयारी त्यामुळे थोडी वेगळी मांडावी लागते.

रंगापूर्वी केस तयार करण्याची कल्पना या भूमीत नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथातील गंधयुक्ती नावाच्या प्रकरणाचा आरंभच केस काळे करण्याच्या कृतीने होतो. लोखंडाच्या भांड्यात कोद्रूचे तांदूळ लोहचूर्णासह आंबट द्रवात शिजवून त्यांचा बारीक लेप करावा, तो आंबट द्रवाने भिजवलेल्या केसांवर लावून वर ओली पाने गुंडाळावीत, काही काळाने तो काढून आवळ्याचा लेप द्यावा आणि अखेरीस लोखंडाचा व आंबटपणाचा वास जाण्यासाठी सुगंधी तेले वापरावीत, असा तेथे क्रम आहे. या कृतीतील रसायनशास्त्र आजही ओळखीचे वाटते, कारण लोह आणि आवळ्यातील टॅनिन (तुरट चव देणारे द्रव्य) एकत्र आले की काळे संयुग बनते. जुन्या काळची शाई याच तत्त्वावर तयार होत असे. त्याहून लक्षणीय बाब ही की, लेप लावण्याआधी केस कोणत्या स्थितीत असावेत याचाही विचार त्या कृतीत आहे. कापड रंगवणारा रंगारी कापडावरची खळ काढल्याशिवाय ते रंगाच्या हौदात घालत नाही. केसांच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो, फक्त केसांवरची 'खळ' डोळ्यांना दिसत नाही.

ती कोठे बसते हे कळण्यासाठी केसाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले पारदर्शक खवले असतात, त्यांना क्यूटिकल म्हणतात. या खवल्यांच्या आत कॉर्टेक्स हा गाभा असतो आणि केसाला काळा, तपकिरी किंवा तांबूस रंग देणारे मेलॅनिनचे कण याच गाभ्यात असतात. मेलॅनिनचे दोन प्रकार आहेत: काळा-तपकिरी आणि तांबूस-पिवळा. केस पांढरा होतो म्हणजे त्याच्या मुळाशी मेलॅनिन तयार होणे थांबते. निरोगी केसाचे खवले सौम्य आम्लात मिटलेले राहतात आणि अल्कधर्मी द्रवात, म्हणजे ज्याचा सामू ७ पेक्षा बराच जास्त आहे अशा द्रवात, फुगून उघडतात. सामू हे आम्लता व अल्कता मोजण्याचे माप असून शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो.

सलूनमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा कायमस्वरूपी रंग याच गुणधर्मावर चालतो. रंगाच्या नळीतील अमोनिया किंवा तत्सम अल्कधर्मी द्रव्य खवले उघडते. पॅरा-फेनिलिनडायअमिन, म्हणजे 'पीपीडी', आणि त्याच्या जोडीची इतर द्रव्ये अतिशय लहान रेणूंच्या रूपात गाभ्यात शिरतात. सोबत मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याला सलूनच्या भाषेत 'डेव्हलपर' म्हणतात, एकीकडे मूळचे मेलॅनिन फिकट करते आणि दुसरीकडे या लहान रेणूंना एकमेकांशी जोडून मोठे रंगीत रेणू घडवते. हे मोठे रेणू गाभ्यातून सहजी बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुण्याने जात नाही. डेव्हलपरच्या बाटलीवरच्या '२० व्हॉल्यूम' या आकड्याचा अर्थ एक लिटर द्रवातून २० लिटर ऑक्सिजन मोकळा होऊ शकतो, असा असतो. टक्केवारीत तो ६ टक्के पेरॉक्साइड होय, तर ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. पीपीडीचा शोध १८६३ साली आउगुस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लावला आणि १९०७ साली यूजीन श्यूलेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केशरंगाचे जे मिश्रण तयार केले, त्यातून पुढे लॉरियाल कंपनी उभी राहिली. दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी गडद केशरंगांचा आधार बहुतांशी हाच रेणू किंवा त्याची भावंडे आहेत.

या यंत्रणेवरून एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे उघडलेल्या खवल्यांतून रंगाचे रेणू आत जाण्याच्या वाटेत जे काही आडवे येईल आणि पेरॉक्साइडशी जे काही अवेळी झटापट करील, ते सर्व रंग बिघडवणारे ठरते. मावळातल्या घरांत अशी तीन द्रव्ये प्रामुख्याने आढळतात: मेंदी, पाण्यातील क्षार आणि तेल. तिन्हींनाही एकाच मापाने मोजणे चुकीचे होईल.

मेंदीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे तांबूस रंगद्रव्य असते आणि ते केराटिनशी घट्ट बांधले जाते. म्हणून शुद्ध मेंदीचा रंग शॅम्पूने निघत नाही, केस वाढून कापला जाईपर्यंत तो टिकतो. अशा केसांवर गडद रंग बहुधा चढतो, पण तोच केस फिकट करायचा म्हटले की तांबूस-नारिंगी छटा डोके वर काढते. मेंदीवर नीळ लावून काळेपणा आणलेला असेल, तर फिकट करताना हिरवट छटा उमटू शकते. मात्र खरी अडचण मेंदीच्या पाकिटावर 'मेंदी' एवढेच लिहिलेले असते आणि आत इतर काही असते, तेव्हा येते. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा भुकट्यांत काळा रंग पानांचा नसून पीपीडीचा असतो. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, आणि धातूच्या क्षाराशी पेरॉक्साइडची गाठ पडली की ते झपाट्याने विघटित होते; केस तापतात, फेस येतो, प्रसंगी केस लवचीकपणा गमावून तुटतात.

येथे मराठी घरांतील एका रूढ पद्धतीचा मुद्दाम उल्लेख करावा लागतो. मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या उकळलेल्या पाण्यात, आवळ्याची पूड घालून रात्रभर भिजवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. हे मिश्रण सकाळी काळपट होते, त्याचे कारण तेच, जे वराहमिहिराच्या लेपात होते: कढईतले लोह आणि चहा-आवळ्यातले टॅनिन. म्हणजे 'घरची शुद्ध मेंदी' लावणाऱ्या स्त्रीच्या केसांवरही थोडेफार लोह असू शकते. त्यात वावगे काही नाही, परंतु सलूनमध्ये 'काहीच केमिकल लावलेले नाही' असे सांगून ही माहिती राहून गेली, तर रंग लावणाऱ्याचा अंदाज चुकतो. मेंदी लावलेली असल्यास ती केव्हा, कोणत्या पाकिटातली, कशात भिजवलेली, हे सांगणे हीच या बाबतीतली सर्वांत मोठी तयारी होय. पाकीट जपून ठेवले असेल तर ते सोबत न्यावे. शंका उरल्यास विंचरताना गळलेले किंवा मागच्या बाजूचे काही केस घेऊन सलूनमध्ये ते २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि थोडा अमोनिया यांच्या मिश्रणात अर्धा तास ठेवून पाहता येतात. द्रव तापला, बुडबुडे उठले किंवा केसांचा रंग विचित्र पालटला, तर धातूचा क्षार आहे असे समजून रंगकाम पुढे ढकलणेच शहाणपणाचे असते. रंगाची वेळ ठरवली की त्या आधीच्या काही आठवड्यांत मेंदी लावू नये, हा नियम तर निरपवाद मानावा. मेंदीचा थर काढून टाकण्यासाठी लिंबू, खायचा सोडा असले उपाय सुचवले जातात. त्यांनी मेंदी निघत नाही, केस मात्र खरखरीत होतात.

पाण्याचा प्रश्न मेंदीइतका उघड नसतो, पण तो रोजचा असल्याने त्याचा परिणाम साचत जातो. मावळची जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची आहे. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते; म्हणून विहिरीचे, आणि त्याहून अधिक बोअरचे, पाणी शालेय पुस्तकांत ज्याला 'दुष्फेन' म्हणतात तसे, म्हणजे साबणाचा फेस न होऊ देणारे, असू शकते. उलट पवना धरणातून सोडलेले आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाणारे नदीचे पाणी मूळचे पावसाचे असते, म्हणून ते तुलनेने मऊ असते. त्यामुळे एकाच पवना खोऱ्यात, थोड्याच अंतरावर राहणाऱ्या दोन बहिणींच्या केसांवर एकाच नळीतला रंग निराळा दिसू शकतो. घरचे पाणी दुष्फेन आहे काय, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते, तोटीची जाळी चुनखडीने बुजते आणि आंघोळीनंतर अंग चिकटल्यासारखे वाटते, ही सर्व त्याचीच लक्षणे आहेत.

केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पाण्यातील धनभारित कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन त्याला चिकटतात आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने शेंड्यांकडे त्यांचे प्रमाण वाढत जाते. केस धुण्यासाठी अंगाचा साबण वापरला तर साबण आणि क्षार मिळून एक न विरघळणारी चिकट साय बनते, आणि ती खवल्यांवर बसते. शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याची तशी साय होत नाही, आधुनिक शॅम्पूचीही फारशी होत नाही. लोह आणि तांबे हे पाण्यातील अल्प प्रमाणातले धातू याहून उपद्रवी असतात, कारण ते पेरॉक्साइडपासून अत्यंत क्रियाशील कण निर्माण करतात, जे रंग घडवण्याऐवजी केराटिनच तोडतात. जुन्या तांब्याच्या बंबात बराच वेळ राहिलेल्या पाण्यात अल्प प्रमाणात तांबे उतरू शकते. लोणावळा-मावळच्या रिसॉर्टांतील पोहण्याच्या तलावांत शेवाळ मारण्यासाठी तांब्याची संयुगे वापरलेली असतील, तर फिकट केलेल्या केसांवर जी हिरवट झाक येते ती त्या तांब्याची असते. तिचा दोष लोक क्लोरिनला देतात.

यावरचा उपाय साधा आहे. रंगाच्या दिवसाआधी तीन ते सात दिवसांच्या दरम्यान एकदा, ज्याच्यावर 'क्लॅरिफाइंग' किंवा 'चीलेटिंग' असे लिहिलेले आहे आणि ज्यात ईडीटीएसारखे धातूंना पकडून ठेवणारे द्रव्य आहे, असा शॅम्पू वापरावा. तो केस कोरडे करतो, म्हणून पुन्हापुन्हा वापरू नये आणि त्यानंतर कंडिशनर लावावे. शेवटच्या दोन-तीन वेळा केस धुताना तरी मऊ पाणी मिळाल्यास उत्तम. पाणी उकळून निवू दिले की त्यातील कॅल्शियमचा एक भाग गाळ होऊन खाली बसतो आणि वरचे पाणी निथळून घेता येते. पावसाळ्यात, छप्पर एकदा चांगले धुऊन निघाल्यावर, पागोळ्यांखाली ठेवलेल्या भांड्यातले पाणी केसांसाठी उत्तम ठरते. जुन्या बायका केस धुण्यासाठी पावसाचे पाणी धरून ठेवत असत, त्यामागे अनुभवाचे हे शहाणपण होते आणि रसायनशास्त्र त्याला दुजोरा देते.

तेलाविषयीची समजूत मात्र दोन्ही टोकांना गेलेली दिसते. एक मत असे की, रंगापूर्वी केस तेलाने चोपडलेले असावेत म्हणजे त्यांना इजा होत नाही. दुसरे असे की, महिनाभर तेलाला हात लावू नये, नाहीतर रंग चढत नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत प्रमाण मानला जातो. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा धुण्यामुळे होणारा केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीयरीत्या कमी करणारे तेल खोबरेलच ठरले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू आकाराने लहान आणि सरळ साखळीचा असल्याने ते तेल खवल्यांच्या खाली, केसाच्या आत, शिरू शकते, असे त्यांनी त्याचे कारण दिले. खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीत हे संशोधन झाले हे ध्यानात ठेवावे. तरी निष्कर्षामागचे कारण रेणूच्या रचनेत आहे आणि ते पटण्याजोगे आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, आत शिरलेले तेल उपकारक असते आणि वर राहिलेले तेल अडथळा करते. रंग ठरवल्यापासून प्रत्येक वेळी न्हाण्याआधी काही तास खोबरेल लावून मग शॅम्पूने केस धुतल्यास रंगकामापर्यंत केस बळकट राहतात. शेवटचे तेल मात्र रंगाच्या दोन-तीन दिवस आधी लावून पुरते काढून टाकावे. केसांना चकाकी देणारी सिरम, खनिज तेल असलेली सुगंधी तेले आणि केस बसवण्याची जेल ही केसाच्या बाहेरच राहतात, म्हणून त्यांचा वापर निदान आठवडाभर थांबवावा. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून घरी उकळलेली तेले गाळून घेतलेली असली, तर तीही खोबरेलाच्याच नियमात बसतात.

शेवटचे न्हाणे केव्हा असावे, याविषयी सलूनमध्ये निरनिराळे सल्ले मिळतात. टाळूतून स्रवणारा नैसर्गिक स्निग्धांश, ज्याला सीबम म्हणतात, अमोनिया व पेरॉक्साइडच्या झोंबण्यापासून त्वचेला थोडे संरक्षण देतो; म्हणून त्याच सकाळी केस धुऊन जाऊ नये, हा सल्ला योग्य आहे. मात्र त्यावरून 'मळलेल्या केसांवर रंग चांगला बसतो' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. आठवड्याचा घाम, धूळ आणि तेल घेऊन गेलेल्या डोक्यावर रंग ठिकठिकाणी कमी-जास्त लागतो. आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी सौम्य शॅम्पूने केस धुणे, नखांनी टाळू न खरवडणे आणि केस पूर्ण वाळवून जाणे, एवढे पुरे. अनेक घरांत न्हाण्याचे वार ठरलेले असतात; रंगाची वेळ घेतानाच तो हिशेब जमवावा, म्हणजे धावपळीत सकाळी घाईने न्हाण्याची पाळी येत नाही. कोंडा, खरूज, गजकर्ण, जखम किंवा उवांवरचे औषध चालू असेल, तर टाळू बरी होईपर्यंत रंग पुढे ढकलावा. भांगात सिंदूर भरण्याची सवय असेल तर तोही आदल्या न्हाण्यात पूर्ण निघालेला असावा, कारण काही स्वस्त सिंदुरांत शिसे असते आणि धातू व पेरॉक्साइड यांचे वैर वर आलेच आहे.

गावच्या उत्सवाचा गुलाल आणि भंडारा हा आणखी एक अस्सल स्थानिक विषय आहे. गुलालातील रंगद्रव्य खवल्यांच्या फटींत अडकते आणि केस जितके रुक्ष, तितके ते अधिक अडकते. उत्सवाच्या दिवशी केसांना आधीच हलके तेल लावून ते बांधून ठेवणे, घरी आल्यावर कोरडे केस उलटे झटकून, विंचरून भुकटी काढणे आणि मगच पाणी लावणे, असा क्रम पाळल्यास बहुतेक रंग निघतो. भुकटीवर थेट पाणी ओतले की ती विरघळून केसांत मुरते. उत्सव आणि सलूनची वेळ एकाच आठवड्यात आली, तर सलून उत्सवानंतर ठेवावे आणि मध्ये दोन वेळा केस धुण्याइतका अवकाश सोडावा. लग्नघरात हळदीचा विचार असाच करावा लागतो, कारण हळदीतील कर्क्युमिन फिकट केलेल्या केसांवर पिवळी झाक सोडते. वधूने रंगकाम लग्नाच्या दोन आठवडे आधी उरकावे, म्हणजे काही दुरुस्ती करायची झाल्यास वेळ हाती राहतो, आणि हळदीच्या दिवशी केस झाकावेत.

स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग किंवा 'केराटिन' केलेल्या केसांबाबत अधिक सावधगिरी हवी. कायमचे सरळ करण्याच्या क्रियेत केराटिनच्या साखळ्यांना बांधणारे गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडले जातात. असे केस पाणी आणि रंग दोन्ही अधिक शोषतात, म्हणून ती क्रिया आणि रंग यांत निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, आणि फिकट करण्याचा विचार असेल तर त्याहून अधिक. फाटे फुटलेले शेंडे रंगापूर्वीच कापून घेतल्यास रंगही कमी लागतो आणि ते शेंडे इतर केसांहून काळपट दिसण्याची शक्यताही संपते.

अपेक्षांची तयारी ही केसांच्या तयारीइतकीच खरी आहे. रंगतज्ज्ञ केसांची गडदता १ ते १० अशा पायऱ्यांवर मोजतात; १ म्हणजे काळाभोर आणि १० म्हणजे अतिफिकट सोनेरी. मराठी माणसाचे केस बहुधा पहिल्या तीन पायऱ्यांतले असतात. ते फिकट होताना आधी तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात, म्हणून दुसऱ्या पायरीवरून आठव्या पायरीवर एका बैठकीत पोचणे केसांना बहुधा सोसत नाही. दुसरे असे की, रंगाने रंग फिकट होत नाही: आधीच काळा कलप लावलेल्या केसांवर तपकिरी रंग लावला, तर नव्या मुळांवर तो तपकिरी दिसतो आणि जुन्या भागावर दिसतच नाही. मोबाइलवर छायाचित्र नेताना ते शक्यतो काळ्या केसांवर केलेल्या रंगकामाचे असावे. पांढऱ्या केसांचे प्रमाण बरेच असेल तर तेही सांगावे, कारण असे केस पुष्कळदा जाडसर आणि घट्ट खवल्यांचे असतात व त्यांना रंग धरायला अधिक वेळ लागतो. पंचविशीच्या आत केस पिकू लागले असतील, तर रंगाच्या आधी ब-१२ जीवनसत्त्व, लोह आणि थायरॉइड यांची तपासणी करून घेणे हिताचे ठरते. भारतीयांत वयाच्या २५ वर्षांपूर्वी केस पिकणे अकाली समजले जाते.

या सगळ्या तयारीत जी सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी गोष्ट आहे, ती त्वचेवरील चाचणी, जिला सलूनमध्ये 'पॅच टेस्ट' म्हणतात. पीपीडी हे ॲलर्जी आणणारे ओळखीचे द्रव्य आहे. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटी या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हणून निवडले होते. ही ॲलर्जी पहिल्याच वेळी होईल असे नसते. शरीर एखाद्या वापरात त्या द्रव्याला ओळखू लागते आणि पुढच्या एखाद्या वापरात, कधी अनेक वर्षांनी, कान, मान, पापण्या आणि चेहरा सुजतो. म्हणून 'वीस वर्षे लावतोय, काही झाले नाही' या वाक्याला वैद्यकीय अर्थ नाही. जत्रेत हातावर काढून घेतलेल्या काळ्या मेंदीच्या नक्षीतूनही ही ओळख घडू शकते, आणि लहान मुलांना ती काढू देऊ नये याचे कारण तेच. एकदा ही ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते, आणि मग पीपीडीच्या भावंडांचाही त्रास होऊ शकतो.

भारतीय सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार केशरंगाच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना इंग्रजीसोबत स्थानिक भाषांतही छापणे बंधनकारक आहे: या रंगाने काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी आणि पापण्या-भुवयांना हा रंग लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. कानामागची किंवा कोपर ते मनगट या भागाची आतली बाजू धुऊन तेथे रंगाचा ठिपका लावावा, चोवीस तासांनी तो धुवावा आणि प्रत्येक वेळी रंगापूर्वी ही चाचणी पुन्हा घ्यावी, असे त्या सूचनांत सांगितलेले असते. त्वचेवर मात्र या प्रकारची ॲलर्जी उमटायला दोन ते तीन दिवस लागतात, म्हणून निदान ४८ तास वाट पाहणे अधिक भरवशाचे. ठिपक्याच्या जागी खाज, लाली, पुरळ किंवा पाणी भरलेले फोड दिसले, तर त्या रंगाचा नाद सोडावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शिरगावहून तळेगावला किंवा चिंचवडला जाऊन केवळ कानामागे ठिपका लावून परत यायचे, ही फेरी वाया गेल्यासारखी वाटते, आणि म्हणूनच ती बहुतेक जण टाळतात. सलूनचालकांनीही ती टाळू देऊ नये; वेळ देतानाच तीन दिवस आधीचा दिवस ठिपक्यासाठी राखून ठेवावा, त्याच फेरीत केसांचा इतिहास विचारून वहीत नोंदवावा, आणि चाचणी न घेता आलेल्या गिऱ्हाईकाला त्या दिवशी रंग न लावता परत पाठवावे.